चार हजार मीटरवरची ताडपत्री

पेरू देशातल्या एका डोंगरावर, थंडीत गोठावेत म्हणून मुद्दाम उघड्यावर पसरलेले बटाटे मी थंडीत गोठतील म्हणून ताडपत्रीने झाकले. कुणी सांगितलं नव्हतं आणि मी कुणाला विचारलंही नव्हतं. झाकून झाल्यावर चारी कोपऱ्यांवर दगड ठेवले. थोडं पुढे गेल्यावर एक कोपरा वाऱ्याने फडफडतोय असं वाटलं, म्हणून परत जाऊन तिथे आणखी मोठा दगड ठेवला.

हे आधीच सांगून टाकतो. परत आल्यापासून वडीगोद्रीत जो भेटतो तो मला "कसा झाला प्रवास?" असं विचारतो आणि उत्तर ऐकायच्या आधीच हसतो. म्हणजे बातमी पोचलेली आहे. निदान बाकीचा प्रवास तरी माझ्या तोंडून ऐकावा.

वडीगोद्रीला हायवेवर माझं खता-बियाण्यांचं दुकान आहे, मागे थोडी शेती आहे. आमच्याकडे पसरलेला शेतमाल आणि वर ढग असं दृश्य दिसलं की माणूस विचार करत नाही. सोयाबीन असो की मका, आपला असो की दुसऱ्याचा, जो जवळ असेल तो ताडपत्री ओढतो. आमच्या गावात दोन भाऊ आहेत, बांधावरून त्यांचं बोलणं बंद आहे. एकदा संध्याकाळी आभाळ आलं तेव्हा धाकट्याने थोरल्याचा सगळा मका झाकून दिला आणि न बोलता घरी गेला. हा आमचा गुण आहे. तो मी विमानात बसून बरोबर नेला, एवढीच माझी चूक.

आता गेलो कशाला ते सांगतो. आमची मुलगी रोहिणी तिकडे एका संशोधन संस्थेत बटाट्याचे जुने वाण गोळा करते. कुस्को नावाच्या शहराच्या वरच्या डोंगरात साबिना नावाच्या एक बाई राहतात. त्यांच्याकडे एक जुना वाण आहे, आतून जांभळा, कापला की वर्तुळंच वर्तुळं. आसपास दुसऱ्या कुणाकडे तो राहिलेला नाही. त्याचं थोडं बी मिळावं म्हणून रोहिणी वर्षभर त्यांच्या घरी चकरा मारत होती. बाई तिला जेवू घालायच्या, झोपायला जागा द्यायच्या, बियाचा विषय काढला की उठून मेंढ्या बघायला जायच्या. शेवटी एकदा त्यांनीच तिला विचारलं, "तुझी माणसं कुठं आहेत?" तिकडे ज्याला आईबाप, गणगोत नाही त्याला गरीब म्हणतात, खिशात कितीही असलं तरी. "गरिबाला मी जेवायला देते, बी देत नाही," बाई म्हणाल्या. "आईबाप घेऊन ये. बघते. मंग सांगते."

रोहिणीने हे फोनवर सांगितलं तेव्हा मी म्हणालो, "बियाण्याचाच सौदा हे ना? त्या बाईला फोनवर दे. मी बोलतो."

"पप्पा, ती बी विकत न्हाई."

"सगळे सुरुवातीला असंच म्हणतात."

"पप्पा, तिच्याकडं बी ही विकायची वस्तूच न्हाई."

माझ्या दुकानात येऊन कुणी असं बोललं असतं तर मी त्याला चहा पाजून वाटेला लावलं असतं. पण पोरीचं वर्षभराचं काम अडलेलं. पेरण्या उरकल्या होत्या. दुकान धाकट्या भावाकडे, दिलीपकडे दिलं आणि आम्ही दोघं निघालो.

माझी बायको सुलोचना हिने निघायच्या आधी मला समोर बसवलं. "हा आईबाप बघायचा कार्यक्रम हे. तुमी तिथं काही बोलायचं न्हाई, काही करायचं न्हाई. नुस्तं बसायचं." तिला बघायला गेल्तो तेव्हा माझ्या वडिलांनीही मला शब्दशः हेच बजावलं होतं. तेव्हा मी ते पाळलं होतं.

कुस्को

आमच्या गावात सगळ्यात उंच वस्तू म्हणजे पाण्याची टाकी. कुस्कोत विमानातून उतरलो तेव्हा जमीनच इतकी उंच होती की बॅगेची चेन लावतानाही दम लागला. हॉटेलात पोचल्यावर डोकं ठणकायला लागलं. तिकडे अशा पाहुण्याला कोकाच्या पानांचा उकळलेला पाला देतात. चहा म्हणतात त्याला. साखर नाही, दूध नाही. मी काउंटरवरच्या पोरीला दुधाची खूण केली. तिने मला आणखी एक कप पाला दिला.

शहर देखणं आहे. जुन्या राजांनी बांधलेल्या भिंतींवर नंतरच्यांनी आपली घरं आणि देवळं चढवली आहेत. खालचे दगड घराएवढे आणि एकमेकांत असे बसवलेले, की मधे चुना नाही, माती नाही. सांध्यात चाकूचं पातंही जात नाही असं तिथला वाटाड्या सांगत होता. आपल्याकडे असं कुणी म्हटलं की बघून घ्यायची पद्धत आहे. मी शर्टाच्या खिशातलं पेन काढून सांध्यात घालून बघितलं. पेन जात नाही. शिट्टी वाजवत धावत आलेल्या पहारेकऱ्याला रोहिणीने काय सांगितलं ते कळलं नाही, पण त्यानंतर तो माझ्याकडे रागाऐवजी काळजीने बघत होता.

माचू पिच्चूही बघितलं. तुम्ही फोटोत बघितलं असेल तसंच ते आहे. दम जास्त लागतो, बाकी फरक नाही. मला खरं आवडलं ते डोंगर उतारावर पायऱ्या पाडून केलेली शेतं. एकेक पायरी म्हणजे दगडाची ताल, म्हणजे रचलेला बांध, आणि मागे भरलेली माती. आमच्याकडे बांधबंदिस्तीची कामं होतात, पहिल्या मोठ्या पाण्यात वाहून जातात. ही शेकडो वर्षं उभी आहेत. मी एका तालीवर हात ठेवून बराच वेळ उभा राहिलो. सुलोचनाला वाटलं चक्कर आली. चक्करही आलीच होती.

बाजारात बटाट्यांच्या राशीच्या राशी होत्या. काळे, पिवळे, गुलाबी, बोटासारखे, आल्यासारखे वेडेवाकडे. आमच्याकडे बटाटा म्हणजे बटाटा. तिथे मी एका बाईला "बटाटा कसा दिला?" असं रोहिणीमार्फत विचारलं, तर तिने "कोणता?" विचारलं. मी बोट दाखवलं. तिने त्याची चव, तो सूपात घालायचा की उकडायचा आणि आजाऱ्याला चालतो का, हे सगळं सांगितलं. माझ्या दुकानात मी कपाशीचं पाकीट विकताना इतकं बोलत नाही.

साबिनाबाईंच्या घरी

व्हॅन जिथे थांबली तिथून पुढे पायवाट. झाड नावाला नाही. नुसतं पिवळं ताठ गवत, मेंढ्या, लांब मानेचे अल्पाका आणि पलीकडे बर्फाचं शिखर. मातीच्या विटांचं घर, वर गवताचं छप्पर. दारात साबिनाबाई उभ्या होत्या. डोक्यावर हॅट, खाली दोन वेण्या, त्यांची टोकं पाठीवर एकत्र बांधलेली. एकावर एक घातलेले घागरे. त्यांच्यामागे त्यांचा मुलगा विल्बर, चाळिशीचा, हसरा. बाई हसत नव्हत्या. त्या आम्हाला पायांपासून वरपर्यंत बघत होत्या. सुलोचना साडीवर स्वेटर आणि पायात पोराचे जुने बूट अशी उभी होती. मला उगाच आपली बटणं नीट लागली आहेत का ते बघावंसं वाटलं.

तिकडे पाहुण्याला आधी कोकाची पानं देतात. बाईंनी विणलेल्या पिशवीतून मूठभर पानं काढून पुढे केली. सुलोचनाने काही न विचारता पदर पसरला. आमच्याकडे कुणी बाईने बाईला काही दिलं तर ते पदरातच घ्यायचं असतं. तिला दुसरं काही सुचणंच शक्य नव्हतं. तिकडेही हीच रीत निघाली. शालीत नाहीतर हॅटमध्ये, पसरून घ्यायचं. बाईंनी पानं हळूच पदरात सोडली आणि विल्बरकडे बघून मान हलवली.

मंग मला दिली. पानं तळहातावर पडली, आणि पुढचं माझ्या हाताने आपोआप केलं. डाव्या तळव्यावर पानं, उजव्या अंगठ्याने चोळणं, दोन थापा मारणं, फुंकर मारून धूळ उडवणं. तंबाखू सोडून मला बरीच वर्षं झाली आहेत, पण अंगठा विसरलेला नाही. बऱ्याच पानांचा चुरा डोंगरावरच्या वाऱ्याने उडाला.

चौघंही बघत राहिले. रोहिणी हळू आवाजात म्हणाली, "पप्पा, त्यातली तीन चांगली अखंड पानं निवडायची असतात. बोटात धरून शिखराकडं फुंकर घालायची, डोंगराचं नाव घ्यायचं. मंग तोंडात."

"फुंकर मी घातली," मी म्हणालो.

मक्याची दारू आली. आंबूस, पातळ, ताकासारखी. तहान लागली होती, मी पेला एका दमात रिकामा केला. बाकी सगळे अजून पेला हातात धरून उभे होते. पहिले चार थेंब जमिनीला द्यायचे असतात. आपण जिला काळी आई म्हणतो, तिला ते पाचामामा म्हणतात. शेतात भाकर सोडली की पहिला घास बांधावर टाकणारा माणूस मी, हे मला ठाऊक असायला हवं होतं. सुलोचनाने थेंब टाकले, कारण ती बाईंच्या हाताकडे बघत होती. मी पेल्याकडे बघत होतो. उरलासुरला फेस मी जमिनीवर झटकला. जमिनीने तो घेतला की नाही माहीत नाही. बाईंनी पेला मात्र परत घेतला.

रोहिणी मला बाजूला घेऊन म्हणाली, "पप्पा, तुम्हाला उंची लागलीय. आत जाऊन पडा. उद्या सकाळी मी सगळं नीट दाखवते, तोवर कुठं जाऊ नका."

बाया चुलीकडे गेल्या, विल्बर अल्पाका आणायला गेला. मी पडलो. पण पडून किती पडणार? उन्हं कलली होती, म्हणून जरा घराच्या मागे फिरायला गेलो.

मागे सपाट माळ होता, आणि माळावर बटाटे. छोटे, गोट्यांपेक्षा मोठे, एका थराने गवतावर पसरलेले. भरपूर होते. आसपासच्या घरांचेही माळाच्या वेगवेगळ्या तुकड्यांवर असेच पसरले होते. सूर्य शिखराआड गेला तसा असा गारठा सुटला की मला कानांच्या पाळ्या जाणवेनात. आणि माल उघड्यावर!

माझा हिशोब सरळ होता. आम्ही पाहुणे आलो. पाहुण्यांच्या गडबडीत घरच्यांचा माल उघड्यावर राहिला. आता रात्री सगळा गोठणार, आणि ते झालं आमच्यामुळे. शेजारच्यांचा उघडा का होता हा प्रश्न मला पडला नाही. पडला असता तर तेही झाकायला गेलो असतो.

दगडी कुंपणाशी निळी ताडपत्री घडी घालून ठेवलेली होती. आपल्या हायवेवरच्या दुकानात मिळते तशीच. शेजारी गवताच्या पेंढ्या. आधी पेंढ्या सोडून बटाट्यांवर जाड थर दिला, मंग वरून ताडपत्री. दर चार पावलांना थांबून श्वास घ्यावा लागत होता. छाती भात्यासारखी चालली होती. तरी मन लावून काम केलं. दुपारी जे दोनदा घालवलं होतं ते यात भरून निघेल असं वाटत होतं. दगडांचं सांगितलंच आहे.

जेवायला चुलीपुढे बसलो. चुलीमागे सशाएवढे जाडे उंदीर चिंचीं करत फिरत होते. सुलोचना म्हणाली, "हे कशाला पाळलेत गं?"

"पाहुण्यांसाठी," रोहिणी म्हणाली.

"खेळायला?"

रोहिणीने सूप पुढे केलं. सूपात काळे, सुरकुतलेले गोळे होते. दाताखाली आधी स्पंजासारखे, मंग पिठूळ. चव बटाट्याची म्हणावी तर नाही.

"चुन्यो," रोहिणी म्हणाली. "बटाट्याचंच करतात. वर्षानुवर्षं टिकतं. पीक गेलं त्या साली हेच खाऊन राहतात."

"बटाट्याचं हे असं काय केलं की होतं?"

"उद्या दाखवते ना."

मी आणखी एक वाटी घेतली. मी काय करून आलोय ते सांगावंसं वाटत होतं, पण सकाळी त्यांचं त्यांना दिसेल तेव्हा जास्त बरं दिसेल असा विचार केला.

सकाळ

उजाडलं तेव्हा सगळा माळ पांढरा होता, कुणीतरी पोत्याने मीठ ओतल्यासारखा. मधे एक निळा चौकोन. चौकोनापाशी साबिनाबाई उभ्या होत्या, हात पाठीमागे. विल्बर शेजारी. मी हसत हसत गेलो.

बाईंनी वाकून ताडपत्रीचा कोपरा उचलला, गवत बाजूला केलं आणि एक बटाटा दोन बोटांनी दाबला. बोटं आत गेली. मंग शेजारच्या तुकड्यातला एक बटाटा उचलून दगडावर टाकला. ठण्ण आवाज आला.

रोहिणी धावत आली. तिने चौकोन बघितला, मंग माझ्याकडे बघितलं.

"पप्पा, हे कुणी केलं?"

"मी. काल उघडेच राह्यल्ते."

"झाकले?"

"बराबर झाकले. वारा होता ना, म्हणून दगड—"

"पप्पा, हे उघडेच ठेवायचे असतात! थंडीत गोठवायचे, उन्हात पुन्हा सोडवायचे, असं चालू असतं. कालची गोठवायची शेवटची रात्र होती. काल जे सूप खाल्लं ना, ते ह्याचंच होतं."

मला तेव्हा वाटी दिसली. दुसरी वाटीही दिसली.

"मंग आता?"

रोहिणीने विल्बरला विचारलं. तो आता हसत नव्हता. गोठून अर्धवट सुटलेला बटाटा आज रात्री पुन्हा गोठला नाही तर आंबतो, मंग मेंढ्याही खात नाहीत. आणि एवढा बटाटा म्हणजे घरातल्यांचं पुढच्या सालचं पोट होतं. त्याने पश्चिमेकडे बोट दाखवलं. तिकडून ढग येत होते. ढग असले की गारठा पडत नाही, हे मला विल्बरने सांगायची गरज नव्हती. हे मला वडीगोद्रीतही माहीत होतं. काल तेवढं आठवलं नाही.

मी खिशात हात घातला. रोहिणीने तो हात खिशातच दाबून धरला. "पप्पा, बिलकुल न्हाई. पाकीट बाहेर काढलं तर आपण आत्ताच निघू."

सुलोचना पदर खोचत आली. तिला सांगावं लागलं नाही. निळा चौकोन तिने ओळखला. तीस वर्षं ती माझ्याबरोबर ताडपत्रीची दुसरी बाजू धरत आली आहे.

"तुम्हाला नुस्तं बसायला सांगितल्तं," ती म्हणाली.

"पडायला सांगितल्तं. पडून कंटाळा—"

"एक शब्द बोलू नका."

आसपासच्या दोन-तीन घरच्या बाया येऊन चौकोन बघून गेल्या. शेवटी बाईंनी माझ्या पायांकडे बघितलं आणि एक वाक्य बोलल्या. रोहिणीने सांगितलं, "म्हणतात, बूट काढ."

तुडवणं

तिकडे कामाच्या बदल्यात काम देतात. आज तू माझ्या रानात, उद्या मी तुझ्या. आपल्याकडची सावड ती हीच. माझ्या आजोबांच्या वेळी आमच्याकडे सावड होती. आता लोक मजुरीचे भाव विचारतात. साबिनाबाईंचं एका रात्रीचं काम मी बुडवलं होतं. म्हणून शेजारणीच्या तयार झालेल्या बटाट्यात मी उतरायचं, आणि ती शेजारीण तिचा एक दिवस बाईंना देईल, असं ठरलं. मला कुणी विचारलं नाही.

गोठलेले बटाटे उन्हाने मऊ पडतात, मंग ते अनवाणी पायांनी तुडवून पाणी काढायचं असतं. लहानपणी भिंत लिंपायला चिखल तुडवायचो, तसंच. फक्त चिखल कधी आतून बर्फ नसायचा. पहिल्या पावलाला पायाची बोटं कुठे आहेत ते कळेनासं झालं. टाचेने दाबायचं, पिळायचं, सालं सुटली पाहिजेत पण बटाटा फुटता कामा नये. शेजारीण माझ्यासमोर तुडवत होती, नाचल्यासारखी, कमरेवर हात. मीही कमरेवर हात ठेवायला गेलो तेव्हा घसरलो आणि बटाट्यांवर बसलो. बाया हसल्या. विल्बर परत हसायला लागला, ते बरं वाटलं. साबिनाबाई मात्र ढगांकडे बघत होत्या.

तेवढ्यात विल्बरने माझा फोन आणून दिला. माळाच्या एका टोकाला रेंज येते. दिलीप होता.

"दादा, इकडं नुस्ते ढग येऊन राह्यले, पडत काई न्हाई. तिकडं कसं?"

"इकडं पण ढगच."

"मंग तर चांगलंच हे की!"

"न्हाई रे. लई वाईट हे. हे ढग गेले पाहिजेत."

"दादा, तब्येत बराबर हे ना तुमची? वहिनीला द्या फोन."

सुलोचनाने फोन घेतला आणि पलीकडे जाऊन सगळं सविस्तर सांगितलं. बातमी आमच्या आधी गावात पोचली ती अशी.

दिवसभर मी तुडवलं आणि वर बघितलं. जन्मात पहिल्यांदा मी ढगाला "जा बाबा" म्हणत होतो, तेही जुलै महिन्यात. आमच्या गावातल्या कुणी ऐकलं असतं तर मला वाळीत टाकलं असतं. शिखर झाकलं, उघडं झालं, पुन्हा झाकलं. बियाचा विषय सकाळपासून कुणी काढला नव्हता. रोहिणी कुंपणावर बसून नखं खात होती. बारावीच्या निकालाच्या दिवशी खाल्ली होती, त्यानंतर आजच.

दुपारी साबिनाबाईंनी सुलोचनाला आणि मला एकेक बटाटा आणि एकेक सुरी दिली. त्या बटाट्याला सुनेला रडवणारा बटाटा म्हणतात. नुसत्या गाठी आणि खोबणी. होणाऱ्या सुनेला तो सोलायला देतात आणि तिचा हात बघतात. मी जोरात सोलायला लागलो. एकेक गाठ काढता काढता माझ्या हातात सुपारीएवढा बटाटा उरला. तोही मी नीट धुऊन ताटात ठेवला. सुलोचनाने सुरी बाजूला ठेवली, बटाटा तसाच उकळत्या पाण्यात टाकला, शिजल्यावर फडक्यात धरून पिळला. साल अलगद सुटली. साबिनाबाई पहिल्यांदा हसल्या. हसता हसता ताटातली माझी सुपारी उचलून त्यांनी चुलीमागच्या त्या उंदरांना टाकली.

मंग दोघी चुलीपुढे बसल्या. सुलोचनाने पिशवीतलं ज्वारीचं पीठ काढलं, परातीऐवजी एका लाकडी काटवटीत मळलं आणि भाकरी थापली. साबिनाबाई त्यांच्या केचुआ भाषेत काहीतरी विचारत होत्या, सुलोचना मराठीत उत्तर देत होती. "दोन पोरं. एक हीच, एक पुण्याला." बाईंनी पोळलेला हात दाखवला. "मलाबी तिथंच पोळलंय, हे बघा." रोहिणी बाहेर होती. या दोघींना तिची गरज पडली नाही. घरून आणलेल्या ठेच्याचा घास खाऊन बाईंच्या डोळ्यांत पाणी आलं, तरी त्यांनी तो पुन्हा मागितला.

उन्हं गेली तसे ढग शिखरामागे सरकले आणि आभाळ निवळलं. गारठा असा पडला की मला बरं वाटलं. जेवण होईपर्यंत सुलोचनाने घरातली ताडपत्री, पोती, फडकी, जे जे म्हणून पसरता येईल ते सगळं गोळा करून स्वतःच्या उशाखाली घेतलं. माझं पांघरूण तेवढं मला ठेवलं.

उजाडलं तेव्हा मी सगळ्यांच्या आधी माळावर होतो. एक बटाटा उचलून दगडावर टाकला. ठण्ण. दुसरा टाकला. तोही. विल्बरने येऊन माझ्या हातातून तिसरा काढून घेतला. खात्री पटली असेल तर आता राहू दे, अशी त्याने खूण केली.

निघताना

व्हॅन दुपारी होती. बॅगा दारात आणून ठेवल्या. बियाचं अजूनही कुणी काही बोललं नव्हतं, आणि रोहिणीनेही विचारलं नाही. तिने नुसतं बाईंना मिठी मारली आणि डोळे पुसले. मला त्या निळ्या ताडपत्रीखाली स्वतःलाच झाकून घ्यावंसं वाटलं.

साबिनाबाई आत गेल्या. बऱ्याच वेळाने आल्या तेव्हा हातात लाल-काळ्या पट्ट्यांच्या विणलेल्या कापडात बांधलेलं गाठोडं होतं. जड होतं. मी पुढे होऊन हात पसरले, कारण जड वस्तू पुरुषाने घ्यायची असते. बाई माझ्या हातांना वळसा घालून सुलोचनासमोर गेल्या. तिने पदर पसरला. बाईंनी गाठोडं त्यात ठेवलं, एक गाठ सोडून दाखवली. आत बटाटे. त्यातला एक नखाने खरवडून त्यांनी रोहिणीला दाखवला. जांभळा.

रोहिणी खाली बसली आणि रडायला लागली. बाईंनी तिच्या डोक्यावर हात ठेवला, माझ्याकडे बघितलं, मंग सुलोचनाकडे, आणि बरंच काही बोलल्या. विल्बर दुसरीकडे बघायला लागला.

"काय म्हणाल्या?" मी विचारलं.

"काही न्हाई, पप्पा. बी दिलं म्हणाल्या."

"एवढं लांब बोलल्या. सगळं सांग."

रोहिणीने डोळे पुसले. "म्हणाल्या, आई बघितली, बाप पण बघितला. पोरगी आईवर गेलीय, म्हणून देते."